सीमाभागातला जुना वाडा पाहुण्यांसाठी सावरताना: आधी पाण्याची वाट, मग बाकी सगळं

शंभर पावसाळे काढलेला वाडा पाहुण्यांसाठी सजवला की चार-पाच वर्षांत खचायला लागतो. खानापूर-बेळगावकडे असं झालं की लोक पावसाला दोष देतात. खरा दोषी असतो माजघराला चिकटून काढलेला नवा संडास-बाथरूम. वाडा बांधणाऱ्यांनी पाणी घराबाहेर ठेवलं होतं: विहीर परसात, न्हाणी परसात, सांडपाणी केळी-अळूला. आपण पाहुण्यांच्या सोयीसाठी तेच पाणी घराच्या पोटात आणतो आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ओल बाहेर पडायची वाटही बुजवतो.

म्हणून खालची कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत, साधारण त्याच क्रमाने करा, फक्त लाकडाचं काम छपराच्या आधी. झोपाळा, पितळी दिवे आणि भिंतीवरचा रंग सगळ्यात शेवटी. नेमका याच वस्तूंवर आधी पैसा जातो.

घर कशाचं आहे ते ओळखा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या नाहीतर जाड मातीच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर आणि पुढे-मागे पडवी. निपाणी-चिकोडीकडे काळ्या दगडाचं जोतं, वर मातीची किंवा विटांची भिंत, मधे चौक आणि लाकडी माडी. अथणीकडे पाऊस कमी, तिथे माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर; त्याचं तंत्र निराळं, ते या लेखात घेतलेलं नाही.

दाराआडच्या एखाद्या कोपऱ्यात वीतभर चौकोन खरवडून आत काय आहे ते पाहा. बाहेरून चिरेबंदी दिसणारी भिंत पुष्कळदा दोन पदरी असते: बाहेर घडीव दगड, आत साधा दगड, मधे माती आणि कपच्यांची भर. अशा भिंतीत ओल मुरली की मधली भर खाली बसते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. भिंतीला ओळंबा लावा. फुगवटा पाच सेंटिमीटरच्या वर असेल, तर गवंड्याच्या भरवशावर न राहता जुन्या बांधकामाची जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर आणा. त्याने पहिल्याच भेटीत आरसीसी कॉलम सुचवले, तर दुसरा शोधा.

कागद

वाड्याची सगळ्यात किडलेली बाजू बहुधा कागदात सापडते. उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, वारस पुण्या-मुंबईत, एक भाऊबंद बोलत नाही, आणि आत्यांना कोणी विचारलेलंच नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे, तेव्हा त्यांच्या संमतीशिवाय एक कौलही हलवू नका. तोंडी ‘करा की, आमचं काय आहे’ यावर लाखो रुपये घालू नयेत. नोंदणीकृत वाटणीपत्र नाहीतर सगळ्यांच्या सह्यांचा भाडेकरार करून घ्या.

ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला ई-स्वत्तूवरचा (पंचायतीच्या मालमत्तांची कर्नाटक सरकारची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ लागतो. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा. आपल्याकडची खास अडचण म्हणजे एकच नाव मोडीतल्या जुन्या कागदावर एक, मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि कन्नड उताऱ्यावर तिसरंच. ही सगळी माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा. पुढे कर्ज, वीज आणि नोंदणी, तिन्ही ठिकाणी ते मागतात.

घर संरक्षित स्मारकाजवळ असेल तर आणखी एक पायरी आहे. देगावचं कमलनारायण मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती अशा केंद्रीय संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण असतं. दुरुस्तीलासुद्धा आधी परवानगी लागते. भीमगड अभयारण्यालगतच्या गावांत वन खात्याकडेही विचारून घ्या. जुनं सागवान किंवा शिसवी विकत आणणार असाल तर बिल आणि वाहतुकीचा पास दोन्ही जपून ठेवा. ‘जुन्या वाड्याचं आहे’ एवढं सांगून नाक्यावरून गाडी सुटत नाही.

पहिला पावसाळा नुसता बघण्यात घाला

मृगापासून घटस्थापनेपर्यंत घराला हात लावू नका. गळती बादल्या ठेवून थांबवा, घर लखलखीत झाडून घ्या आणि खडू घेऊन फिरा. कुठे गळतं, ओल भिंतीवर किती चढते, चौकात पाणी किती वेळ तुंबतं, झड कोणत्या बाजूने मारते, हे सगळं तारखेसह भिंतीवर लिहा आणि फोटो काढा. जमिनीकडून वर चढणारी ओल साधारण कमरेइतक्या उंचीवर आडवी रेघ सोडते. छपराची ओल वरून ओघळाने उतरते. झडीची ओल बहुतेक पश्चिमेच्या भिंतीवर ढगासारखी पसरते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे फुकट जातात.

भेगांवर काच चिकटवा. दोन मिलिमीटर जाडीची, बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा लावायचा, वर तारीख टाकायची. दसऱ्यापर्यंत काच शाबूत राहिली तर ती भेग जुनी, नुसती बुजवली तरी चालते. काच तडकली तर पाया अजून हलतो आहे.

जोत्याभोवतीचं पाणी

गावात रस्त्यावर रस्ता चढत गेला. एके काळी तीन पायऱ्या चढून ओट्यावर जावं लागायचं, तिथे आता एकच पायरी उरली आहे. म्हणजे दोन पायऱ्यांइतकं जोतं मातीत गाडलं गेलं आणि रस्त्याचं पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी मुरू लागलं. जोत्याचा दगड पुन्हा उघडा करणं हे ओलीवरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे.

भिंतीपासून किमान एक मीटर सोडून चर काढा: रुंदी ४५ सेंटिमीटर, दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका. एका वेळी दोन मीटरचाच तुकडा उकरा आणि तो भरल्यावर पुढचा घ्या. पोकलेन लावून एका दिवसात चारी बाजू मोकळ्या केल्या, तर पावसाआधीच भिंत झुकू शकते. तळाला भोकांचा ११० मिलिमीटरचा पाइप, भोकं खाली करून. त्याभोवती २० ते ४० मिलिमीटरची खडी. खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड. कापड टाळलं तर आपली लाल माती दोन-तीन पावसाळ्यांत खडीची पोकळी भरून टाकते.

चौकातली मोरी आणि तिचं भूमिगत गटार शोधा. ते बहुधा उंबऱ्याखालून रस्त्याकडे जातं आणि नव्या रस्त्याने त्याचं तोंड बुजलेलं असतं.

छप्पर

मंगळूरी कौलं चौरस मीटरला सुमारे १५ लागतात. हिशोब उतारावरच्या क्षेत्रफळाचा करायचा, जमिनीवरच्या नाही. पागोळ्यांसकट १२ गुणिले ९ मीटरचं घर असेल आणि उतार ३० अंश असेल, तर १०८ चौरस मीटरचे उतारावर १२५ होतात. कौलं १,८७५, फूटतूट धरून २,०६० च्या आसपास. कौल उतरवताना प्रत्येकाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप पाहा आणि छापावार थप्प्या लावा. वेगवेगळ्या छापांची कौलं एकात एक नीट बसत नाहीत. खाचेत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि झडीचं पाणी तिथूनच आत येतं. दोन छापांची कौलं असतील तर एक छाप एका उतारावर, दुसरा दुसऱ्यावर.

बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते बाजूला. शेवाळ ताठ ब्रशने आणि पाण्याने काढा. ॲसिड लावलं की वरची भाजलेली साय जाते आणि कौल पाणी पिऊ लागतं. कमी पडणारी कौलं खानापूर भागातल्या जुन्या घरांच्या पाडकामातून मिळतात, तीच नव्यापेक्षा बरी.

रिपांचं अंतर ३१-३२ सेंटिमीटरच्या घरात असतं, पण पाठ केलेल्या आकड्यावर रिपा ठोकू नका. दहा-बारा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, मधलं माप धरा.

कौलांखाली ताडपत्री किंवा फ्लेक्स पसरायची हल्ली पद्धत पडली आहे. गळती थांबते, पण खालून येणारी वाफ अडते आणि वासे वरच्या अंगाने कुजतात, जिथे कोणाचं लक्ष जात नाही. कणकुंबीसारख्या धुवाधार पावसात कौलांखाली पत्रा घालायचाच असेल, तर पत्रा आणि कौलांच्या रिपा यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या ठोकून पाच सेंटिमीटर हवा खेळती ठेवा आणि पागोळीपाशी व आढ्यापाशी ती वाट उघडी सोडा.

पन्हळीबद्दलही घाई नको. घाटमाथ्यालगत पानं, शेवाळ आणि पाण्याचा मारा इतका असतो की पन्हळ तुंबून पाणी उलटं वाशांवर येतं. तिथे पन्हळीऐवजी पागोळ्यांखाली पाऊण मीटर रुंद दगडी पट्टा, चरीकडे उतार देऊन घातलेला, जास्त टिकतो. बेळगाव-निपाणीकडे १५० मिलिमीटरची अर्धगोल पन्हळ चालते.

आणि वळीव विसरू नका. एप्रिलअखेर छप्पर बंद झालंच पाहिजे. उघड्या माडीवर वळवाची एक सर पडली, की मातीची भिंत वरून विरघळते आणि चार महिन्यांचं काम तासाभरात जातं. एका वेळी एकच उतार उघडा आणि संध्याकाळी ताडपत्री बांधूनच सुताराला सोडा.

लाकूड आणि वाळवी

तुळया मधे क्वचित किडतात. त्या भिंतीत घुसलेल्या टोकाला किडतात. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोकाला टोचा. दोन सेंटिमीटरहून जास्त आत गेला, तर ते टोक गेलं समजा. पूर्ण तुळई बदलायची गरज नसते. दोन्ही बाजूंना टेकू लावून कुजका भाग कापायचा आणि त्याच जातीच्या जुन्या, मुरलेल्या लाकडाचा तुकडा तिरका जोड देऊन बसवायचा. तुळईची उंची २० सेंटिमीटर असेल तर जोडाची लांबी किमान ६० हवी, १२ मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट चार. सागाला साग, मत्तीला (ऐनाला) मत्ती. भिंतीतल्या खोबणीत तळाला सपाट दगड ठेवा आणि टोकाभोवती दीड सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. गवंडी ती जागा सिमेंटने भरायला टपलेलाच असतो, त्याच्यावर उभं राहून लक्ष ठेवावं लागतं.

माडीच्या पाटईवर (लाकडी फळ्यांवर) पूर्वी मातीचा थर देत. दहा सेंटिमीटर माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे १६० ते १८० किलो वजन. ते निम्मं केलं की तुळयांना मोठा आराम मिळतो. सगळं मात्र काढू नका: वर चाललेल्या माणसाची पावलं खालच्या पाहुण्याच्या डोक्यात वाजतात आणि उन्हाळ्यात माडी तापते.

घरातल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्या: दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन हात. जुना ऑइलपेंट खरवडल्याशिवाय ते मुरत नाही. पावसात भिजणाऱ्या खांबांवर ते धुऊन जातं, तिथे तेलाचा हात बरा.

जमिनीतून येणाऱ्या वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरतात, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटर पाण्याला २.१ मिली. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या, आणि परसातल्या विहिरीच्या बाजूला औषध अजिबात नको.

भिंती: चुना परत शिका

सिमेंटचा गिलावा मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर का टिकत नाही? भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटच्या थरातून ती सुटत नाही, म्हणून वर चढत जाते. क्षार पापुद्र्यामागे साठतात आणि एक दिवस गिलाव्याचा पत्र्याएवढा तुकडा माती घेऊन खाली येतो. लोक तिथे पुन्हा सिमेंटच लावतात, वर वॉटरप्रूफ रंग. जुना सिमेंट गिलावा हलक्या हाताने, छिन्नी तिरकी धरून काढा आणि भिंत निदान दोन महिने उघडी सुकू द्या.

कळीचा चुना मिळाला तर उत्तम. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा. उलट कधीच नाही, उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना गॉगल, हाताला रबरी मोजे, मुलांना लांब. विरलेला चुना चाळून पाण्याखाली किमान तीन आठवडे ठेवा. लोण्यासारखा झाला, थापीवरून कापताना कण लागला नाही, की झाला. विरायचे राहिलेले खडे गिलाव्यात गेले, तर महिन्याभराने भिंतीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. पोत्यातला चुना वापरायचाच असेल तर ताजा घ्या आणि रात्रभर भिजवा.

सुरखी, म्हणजे विटांची पूड, कमी भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजून काळसर झालेल्या विटेची सुरखी चुन्याशी बांधत नाही. घरच्याच फुटक्या नळीच्या कौलांची सुरखी चांगली होते. वाळू नदीची मिळणं अवघड झालं आहे. गिलाव्याची एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) चालते, मात्र तिच्यातली बारीक धूळ धुऊन घ्या.

प्रमाण: एक भाग भिजवलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. दहा चौरस मीटर भिंतीला २० मिलिमीटर जाडीचा गिलावा करायचा तर चुना ६५ लिटर, सुरखी ६५ आणि वाळू १३० लिटर. मळलेलं मिश्रण चुना दळायच्या घाणीत दळलं तर सर्वांत छान. घाणी नसेल तर पॅन-मिक्सर आणा. फावड्याने कालवलेला चुना जीव धरत नाही. गूळ-हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत चांगली आहे, पण हात आखडता ठेवा. गूळ वाढला की गिलावा सुकत नाही आणि मुंग्या येतात.

भिंत आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी भिजवा. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, तो अंगठ्याने दाबून खूण उमटेनाशी झाली की दुसरा ८ मिलिमीटरचा, शेवटी चाळलेल्या चुन्याचा दोन-तीन मिलिमीटरचा हात. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात गोणपाट नसेल तर तिसऱ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. या भेगांचं खापर चुन्यावर फुटतं आणि गवंडी म्हणतो, ‘मी सांगत होतो, सिमेंट घ्या.’

रंग चुन्याचाच, दुधाइतका पातळ, चार-पाच हात. डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंट लावून या सगळ्या कष्टांवर पाणी ओतू नका.

न्हाणीघर: इथेच वाडा वाचतो किंवा जातो

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे परसात स्वतंत्र खोल्यांची एकच रांग आणि घरापासून तिथपर्यंत कौलारू पडवी. सगळं सांडपाणी एका ओळीत, एका बाजूला. पाहुण्याला पावसात भिजावं लागत नाही आणि रात्री दहा पावलं चालायला त्याची तक्रार नसते, दिवा तेवढा चांगला हवा.

खोलीला जोडून हवंच असेल तर जुन्या भिंतीच्या बाहेर, दहा सेंटिमीटर अंतर सोडून, स्वतःच्या पायावर नवी खोली उभी करा. दार जुन्या खिडकीच्या किंवा दाराच्या जागीच काढा. नवं भोक पाडू नका. दोन पदरी भिंतीत भोक पाडलं की मधली भर वाळूच्या घड्याळासारखी गळू लागते. मधल्या फटीवर पत्र्याची झाकण-पट्टी जुन्या भिंतीच्या सांध्यात घुसवून बसवा, नाहीतर पावसाचं पाणी दोन भिंतींच्या मधे अडकेल.

घराच्या आतच करावं लागलं तर फक्त तळमजल्यावर, आणि घरातलं घर असावं तसं: जुन्या भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर सुटी, स्वतःच्या स्लॅबवर उभी, वरून उघडी हवा असलेली खोली. लाकडी माडीवर बाथरूम कोणी कितीही सांगो, करू नका. गळती खालच्या पाटईत मुरते आणि डाग दिसेपर्यंत तुळईचं टोक गेलेलं असतं.

बारकावे असे. फरशी उंबऱ्यापेक्षा २५ मिलिमीटर खाली आणि दर मीटरला १५ मिलिमीटर उतार. टाइल बसवण्याआधी मोरीला बोळा लावून पाच सेंटिमीटर पाणी ४८ तास कोंडा; पातळी खडूने आखा. पाइप जुन्या भिंतीत गाडायचे नाहीत, बाहेरून क्लॅम्पवर घ्यायचे. दिसायला वाईट दिसतात, पण ठिबकले तर त्याच दिवशी कळतं. मैल्याचा पाइप ११० मिलिमीटर, दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार, प्रत्येक वळणावर चेंबर.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. ती जुन्या भिंतीवर किंवा माडीवर ठेवू नका; परसात लोखंडी घोडीवर ठेवा.

घरची चार-पाच आणि पाहुणे आठ-दहा, म्हणजे १५ माणसांसाठी सेप्टिक टाकी दोन मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली १.३ मीटर, त्यावर ३० सेंटिमीटर मोकळं. दोन वर्षांनी उपसा. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटरवर. जांभ्याच्या जमिनीत त्याहून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, कारण जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्याच्या नळ्यांतून घाण पाणी गाळलं न जाता धावतं. झाडणाऱ्या बाईंना ॲसिड आणि फिनेल कमी वापरायला सांगा. टाकीतले जंतू मेले की वास थेट सोप्यात (पुढच्या बैठकीत) येतो.

गरम पाण्यासाठी सोलर चांगला, पण जून ते सप्टेंबर खानापूरकडे ऊन नावालाच, म्हणून जोडीला विजेचा गिझर ठेवा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस दार न उघडताच बेशुद्ध पडतो. लावायचाच तर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत.

वीज, जिना, जमीन

हेस्कॉम या वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्या आणि पाहुणे ठेवायला लागल्यावर दर कोणता लागेल ते लेखी विचारा. जुनी वायर सगळी काढा. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटरची वायर. लाकडावरून नेताना पाइपातून, कारण माळ्यावरचे उंदीर वायर कुरतडतात. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग यात काटकसर नको. एसी शक्यतो टाळा. बंद खोलीत गार भिंतीला दव धरतं आणि चुन्यावर बुरशी येते. उंच छपराला पंखा पुरतो.

जुनं दार पाच-सव्वापाच फुटांचं. चौकट कापून उंच करण्यापेक्षा वर कापडी तोरण लावा. डोकं आपोआप वाकतं. जिना अरुंद आणि उभा असतो, त्याला एका बाजूने जाड दोराचा कठडा आणि प्रत्येक पायरीला दिसेल असा मंद दिवा. माडीवर चारापेक्षा जास्त माणसं झोपणार असतील तर दुसरा जिना बाहेरून काढा. लाकडाचं घर आहे, आग लागली तर उतरायला एकच वाट पुरत नाही. प्रत्येक मजल्यावर चार-सहा किलोचं एबीसी अग्निशामक, आणि ते चालवता येणारा एक माणूस.

जमिनीला शहाबादी फरशी, सांधे चुन्याचे. व्हिट्रिफाइड टाइल घातली की जमिनीची ओल भिंतीकडे वळते.

पाहुणे येण्याआधी

चौकाच्या वाड्यात चारच खोल्या काढा. केंद्राच्या होमस्टे योजनेत सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंत मुभा आहे, पण मालकाने त्याच घरात राहिलं पाहिजे, ही अट आहे. राज्याच्या पर्यटन खात्याची नोंदणी, पंचायतीचा ना-हरकत दाखला आणि स्वयंपाक करून वाढणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी, या तिन्ही गोष्टी उघडण्याआधी हातात हव्यात. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. चोर्ला घाटाने गोव्याहून येणाऱ्यांत असे बरेच असतात. देवघर आणि माजघर घरच्यांसाठीच ठेवा, जेवण सोप्यात.

वेळापत्रक साधारण दीड वर्षाचं धरा: पहिला पावसाळा पाहणी, दसऱ्यानंतर चर आणि लाकूड, पौष-माघात छप्पर, फाल्गुन-चैत्रात गिलाव्याचे पहिले दोन थर आणि न्हाणीघरं. दुसऱ्या पावसाळ्यात पाहुणे घेऊ नका. घरच्यांनीच प्रत्येक खोलीत झोपून पाहा, सगळे नळ एकदम सोडा आणि खडूच्या जुन्या खुणांशी ओल ताडून पाहा. शेवटचा हात आणि रंग दिवाळीनंतर. अंदाजपत्रकाच्या वर पाव हिस्सा रक्कम राखून ठेवा; ती भिंत उघडल्यावर लागतेच.

त्यानंतर दर वर्षी मृगाआधी एकदा: आढ्याची कौलं, चर आणि चौकातली मोरी साफ, तुळयांच्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हर, पश्चिमेच्या भिंतीला चुन्याचा एक हात. परसात छापावार लावलेली दोनशे जादा कौलं उभी करून ठेवा, आडवी नकोत, वजनाने तळातली फुटतात.